हरला तो कसा हरला?

"कोण जिंकलं ते राहू द्या, ताई. हरला तो कसा हरला, तेवढं सांगा."

दादा हे विचारायचे तेव्हा चष्मा त्यांच्या हातात असायचा आणि मफलरच्या टोकाने ते काचा पुसत असायचे. गाझियाबादहून सचिवालयाकडे जाणारी आमची चार्टर्ड बस, जानेवारीतलं धुकं, खिडक्यांवर आतून साचलेलं पाणी. बसमध्ये बहुतेक सगळे सरकारी नोकर. ज्याची त्याची जागा ठरलेली. माझ्याकडून उत्तर मिळालं नाही, की दादा पुढच्या बाकावरच्या खन्नाजींच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या वर्तमानपत्राचं खेळाचं पान बघायचे आणि तोच प्रश्न हिंदीतून विचारायचे. "जीता कौन, वो छोड़िए. हारा कैसे?"

खन्नाजी वैतागायचे. "दादा, हारा तो हारा. हारने में कैसे-वैसे क्या?"

"फर्क पड़ता है जी. बहुत फर्क पड़ता है."

तुम्हीही कुठल्या तरी बसमध्ये किंवा कचेरीत असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याला एका गोष्टीचं वेड असतं, आपण त्याला त्या वेडाचं नाव देऊन टाकतो आणि मोकळे होतो. आम्ही यांना 'टेनिसवाले दादा' म्हणत होतो. मेलबर्नला, पॅरिसला, लंडनला, न्यूयॉर्कला, वर्षातून चार वेळा मोठी स्पर्धा सुरू झाली, की दादा दुसऱ्या जगात जायचे. जमेल तेवढी रजा घ्यायचे. जाताना सांगायचे, "स्पर्धेला चाललोय." जणू काही सामान बांधून विमानात बसणार आहेत. जायचे ते गाझियाबादच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

खरं म्हणजे टेनिस त्यांना शोभत नव्हतं. बुटके, रुंद खांद्यांचे, तरुणपणी नगरला कबड्डी खेळून एक गुडघा कायमचा वाकलेला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. घर ख्रिस्ती. हिशेब खात्यात नोकरी लागली आणि दिल्लीला आले ते इथलेच झाले. आम्ही मराठी माणसं त्यांना दादा म्हणायचो म्हणून बसमधल्या निम्म्या लोकांनी त्यांना बंगाली ठरवलं होतं. दुर्गापूजेला लोक त्यांना शुभेच्छा द्यायचे. तेही न चुकता "आपको भी, आपको भी" म्हणायचे. माझ्याशी त्यांची ओळख झाली तीसुद्धा ज्वारीवरून. मी बसमध्ये कुणाशी तरी मराठीत बोलले, ते ऐकून हे उठून जवळ आले आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "ताई, ज्वारीचं पीठ कुठून आणता तुम्ही?"

टेनिसपटूंची नावं त्यांच्या जिभेला वळत नसत. त्यांनी आपली नावं पाडली होती. कपाळाला पट्टी बांधणारा तो पट्टीवाला. दर गुणानंतर टॉवेल मागणारा तो टॉवेल. आणि एक होता लंबू. युरोपातल्या कुठल्या तरी छोट्या देशाचा, ताडमाड उंच, खांद्यात वाकलेला, चेहऱ्यावर कायम घरी काहीतरी विसरून आल्यासारखा भाव. लंबू बहुधा पहिल्या फेरीत हरायचा. नशीब चांगलं असलं तर दुसऱ्या. पण दादांचा सगळा जीव त्या लंबूत.

आमचं खातं वेगळं, पण इमारत एक. माझ्या टेबलावर संगणक होता आणि फोनच्या तारेवरून त्याला इंटरनेट जोडता यायचं. तेव्हा ते फार थोड्या टेबलांवर होतं. स्पर्धेच्या दिवसांत दादा जेवणाच्या सुट्टीत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. मी आकडे वाचून दाखवायची. सहा-चार, सहा-तीन, सहा-चार. हरला.

"ते झालं हो. डबल फॉल्ट किती? स्वतः चुकला, का समोरचा भारी पडला?"

समोरचा भारी पडला असं कुठे लिहिलेलं सापडलं, की त्यांचे खांदे खाली यायचे. "मग ठीक आहे. मग सांगता येईल."

कुणाला सांगता येईल, हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, बायकोला असेल किंवा शेजारच्या कुणाला.

मग एका दुपारी माझा फोन वाजला. मी उचलला, तर पलीकडून तरुण पुरुषाचा आवाज. हॅलो नाही, काही नाही.

"स्कोर?"

"कौन बोल रहे हैं?"

फोन बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा. "स्कोर?" आणि पुन्हा बंद. संध्याकाळी बसमध्ये मी हे दादांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

"तुमचा नंबर मीच दिला त्याला. आधी विचारायला हवं होतं तुम्हाला. रागावू नका, ताई. माझा मुलगा आहे, विनय."

त्या दिवशी यमुनेच्या पुलावर बस खूप वेळ अडकली होती. दादा हळू आवाजात बोलत राहिले. विनय इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, होस्टेलवर. मेसमध्ये जेवायचं त्याने बंद केलं, कारण सगळ्या टेबलांवरची मुलं त्याच्याविषयीच बोलतात असं त्याला ऐकू यायचं. मग भिंतीपलीकडे कोणी नसतानाही बोलणं ऐकू यायला लागलं. एक दिवस सामान तिथेच टाकून तो घरी आला आणि खोलीत जाऊन बसला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलं. औषधं सुरू झाली. आवाज कमी झाले, गेले नाहीत. रेडिओवरचा माणूस त्याला शिव्या द्यायचा. टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई त्याचं नाव घ्यायची. घरातल्या टीव्हीवर वहिनींनी चादर घालून ठेवली होती.

"एकदा मीच चादर काढून काहीतरी लावलं. आवाज अगदी बारीक ठेवला होता. लंडनची मॅच होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तेवढ्यात दार उघडून हा बाहेर आला. जमिनीवर बसला. दोन तास बसला, ताई. आणि मग म्हणाला, 'पप्पा, यात कोणी बोलत नाही. बिल्कुल नाही. सगळे गप्प बसतात.'"

मी पहिल्यांदाच विचार केला. खरंच, चेंडू खेळात असतो तेव्हा हजारो माणसं गप्प असतात. समालोचकसुद्धा. नुसता टक, टक आवाज.

"आणि मी कबड्डीवाला," दादा म्हणाले. "आमच्यात दम संपेपर्यंत बोलायचंच असतं." ते थोडं हसले. "शिकलो मग. त्याच्या शेजारी बसायचं तर यायला नको?"

"आणि पुरुषांच्याच मॅचेस का बघता?"

"पाच सेट असतात ना. जास्त वेळ टिकतं."

हरला तो कसा हरला, याचं उत्तरही त्याच पुलावर मिळालं. जगात जे काही वाईट घडतं ते आपल्यामुळे, असं विनयला वाटायचं. लंबू हरला तर तो विनयची पापणी लवली म्हणून, विनयने आवंढा गिळला म्हणून. समोरच्याने जबरदस्त फटका मारला असेल तर दादांना सांगता यायचं, बघ, हा कुणाच्याच बापाला परत मारता आला नसता. पण लंबू आपणहून चुकला, चेंडू जाळीत घातला, तर विनय ते आपल्या अंगावर घ्यायचा. दोन-दोन दिवस जेवायचा नाही. केबलवाल्याच्या चॅनलवर मोठ्या खेळाडूंचेच सामने दिसायचे. लंबू क्वचितच दिसे. म्हणून निकाल विनयच्या आधी दादांना कळायला हवा असायचा. "घरी पोचेपर्यंत काहीतरी उत्तर तयार करतो," ते म्हणाले. "सगळ्याच वेळी जमतं असं नाही."

नंबर दिला होता तोही मुद्दाम. घराबाहेरच्या एका तरी माणसाशी त्याने बोलावं म्हणून.

त्यानंतर स्पर्धेच्या दिवसांत विनयचा फोन यायचा आणि मी उत्तर द्यायची. पुढच्या वर्षी 'स्कोर?'नंतर 'थँक्यू' आलं. त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी तो म्हणाला, "ताई, स्कोर?" हे मी सांगितलं तेव्हा दादांनी मला ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं. "ताई म्हणाला? कसं म्हणाला?" संध्याकाळी बसमधल्या सगळ्यांना त्यांनी गजक, म्हणजे तिळाची वडी वाटली. कशाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही. खन्नाजींना वाटलं, प्रमोशन झालं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन गेले. विनय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. औषधांनी अंग सुटलेलं, हाताला बारीक कंप, डोळे मात्र सुरेख, आईसारखे. पहाटेपासून बापलेक टीव्हीसमोर बसले होते. मला पाहून विनय उठला नाही, पण चेंडू खेळात नसताना त्याने बशी माझ्याकडे सरकवली. त्या घराचा नियमच तो होता. गुण संपल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, कपाचा आवाज करायचा नाही. दादा खोकला आला तर उशीत तोंड घालायचे.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. कुठल्याशा शाळेत शिकवायच्या, दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. माझ्याशी अगदी खालच्या आवाजात बोलत होत्या.

"यांना वाटतं, मला टेनिस आवडत नाही. तसं नाही हो. मला त्या चेंडूची भीती वाटते. तो जाळीत गेला की मी दारात येऊन आधी विनयकडे बघते. आमचं अख्खं घर त्या चेंडूवर आहे, ताई."

दिल्लीतल्या मराठी मंडळींची दर चौदा जानेवारीला पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला बस जायची. एका वर्षी दादांनी विनयला आणलं. वाटेत तो शांत होता. पण तिथे ढोल वाजले, घोषणा सुरू झाल्या, लाउडस्पीकरवरून कुणीतरी नावं पुकारू लागलं आणि विनय कानांवर हात घेऊन खाली बसला. लोक जमले. एक काकू म्हणाल्या, याला बाहेरचं काहीतरी आहे, नगरला नेऊन दाखवा कुणाला तरी. दादा मुलाला धरून बसमध्ये घेऊन गेले. थोड्या वेळाने मी पाण्याची बाटली द्यायला गेले. रिकाम्या बसमध्ये शेवटच्या बाकावर दोघं बसले होते. दादा डोळे मिटून जिभेने टाळूवर आवाज काढत होते. टक. टक. टक. मध्ये थांबून हळूच म्हणायचे, "फिफ्टीन-लव्ह." आणि पुन्हा सुरू. विनयचे हात कानांवरून हळूहळू खाली येत होते. मी बाटली पायरीवर ठेवली आणि परत फिरले.

नंतर एका जानेवारीत लंबूने कमाल केली. मेलबर्नला पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला, आणि जिंकत जिंकत उपांत्यपूर्व फेरीत पोचला. खन्नाजींनी बसमध्ये दादांच्या पाठीवर थाप मारली. "दादा, आपका लंबू तो छा गया!"

दादांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मला म्हणाले, "एवढा वर कशाला चढला हा? पहिल्या फेरीत हरण्याची आम्हाला सवय आहे. हे आम्हाला कसं झेपणार?"

लंबू जिंकत असताना आपण ज्या जागी बसलो होतो ती जागा सोडायची नाही, असं घरात विनयने ठरवलं होतं. तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. चहा कुठल्या कपातून प्यायचा, हेही ठरलं होतं. दादांनी रजा मागितली. पण ते अर्थसंकल्पाच्या आधीचे दिवस, हिशेब खात्यातल्या सगळ्या रजा बंद. सामना मेलबर्नला संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे भर दुपारी. या वेळी विनयचा फोन येणार नव्हता, कारण लंबू आता टीव्हीवर दिसणार होता. दादा अर्ध्या तासाला एकदा माझ्याकडे येत होते. मी संगणक जोडून ठेवलाच होता.

लंबूने पहिले दोन सेट घेतले. तिसरा गेला. चौथाही गेला. दादा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते आणि पडद्यावरचा आकडा काही हलत नव्हता. इतक्यात त्यांच्या विभागातला शिपाई दारात आला. "दादा, घर से फोन है."

ते परत आले तेव्हा त्यांचा एक हात कोटात होता आणि दुसरा बाहेर. "घरी बत्ती गेली. विनयची आई खाली विचारायला गेली होती. वर आली तर दार उघडं. विनय नाही." मग दारातूनच म्हणाले, "फोन फिरवत होता म्हणे. लागत नव्हता."

कुणाला फिरवत होता, ते आम्हा दोघांनाही कळलं. माझ्या फोनची तार सगळा वेळ संगणकाला जोडलेली होती.

ते धावत गेले. मी तिथेच बसून राहिले. का, मला सांगता येणार नाही. कुणीतरी शेवट पाहायला हवा असं वाटलं असेल. पाचवा सेट लांबत गेला आणि बसची वेळ व्हायच्या थोडं आधी लंबू जिंकला.

गाझियाबादला उतरले तेव्हा अंधारून आलं होतं आणि धुकं खाली उतरलं होतं. वसाहतीत अजून बत्ती नव्हती. दुकानदारांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. दादा मला भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर भेटले. मफलर नव्हता, श्वास लागला होता. तोवर ते स्टेशनपर्यंत जाऊन आले होते. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "हरला ना? कसा हरला?"

"दादा, जिंकला तो."

ते एकदम वळले आणि ओरडायला लागले, "विनय! जिंकला रे! विनय, लंबू जिंकला!"

मी त्यांच्याबरोबर चालत होते. खन्नाजीही आले, हातात बॅटरी घेऊन. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दादा थांबायचे आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे. "विनय, जिंकला तो!" लोक गॅलरीत येऊन बघत होते. एका मुलाने वरून विचारलं, "अंकल, कौन जीता?" कुठेतरी दोघे-तिघे हसले. क्रिकेटची मॅच असेल असं वाटलं असणार त्यांना. इतक्या आनंदाची बातमी इतक्या भेसूर आवाजात सांगताना मी कुणाला कधी ऐकलं नव्हतं.

विनय सापडला नाही. त्याच्या चपला दाराशीच होत्या. जानेवारीच्या थंडीत तो अनवाणी गेला होता.

त्यानंतरचे दिवस मी सविस्तर सांगत नाही. पोलीस चौकी, रुग्णालयं, स्टेशनं, शवागारंसुद्धा. दादा रोज कुठेतरी जात होते आणि रोज तिथून कचेरीत येत होते. काम करायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. लंबू पुढच्या सामन्यात हरला. कसा हरला, ते कुणी विचारलं नाही. वहिनींनी टीव्हीवर चादर घातली. चर्चमधली मंडळी संध्याकाळी येऊन प्रार्थना करायची. बसमध्ये कुणी दादांच्या शेजारी बसलं, तर काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही, म्हणून खन्नाजी आपली खिडकीची जागा सोडून तिथे बसू लागले. काहीच बोलायचे नाहीत. पंजाबी माणसाला ते किती अवघड गेलं असेल.

थंडी ओसरत आली होती. मी कचेरीत डबा उघडला आणि फोन वाजला.

"बीबीजी, करनाल के पास से बोल रहा हूँ, गुरुद्वारे से. एक लड़का है हमारे यहाँ, जोड़ाघर में बैठता है, जूते साफ करता है. नाम-पता कुछ नहीं बताता. आज पहली बार एक नंबर बोला, तो मिला लिया. कहता है, स्कोर पूछो. किसका स्कोर, जी?"

मी उघडा डबा बाजूला सारला. म्हणाले, "उसको फोन दीजिए."

थोडी खरखर. मग तोच आवाज, खोल गेलेला. "ताई. स्कोर?"

"पाच सेट झाले, विनय. जिंकला. लंबू जिंकला."

पलीकडे भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता. लंगरची वेळ असावी.

"बत्ती गेली होती," तो म्हणाला.

"हो. बत्ती गेली होती. तरी जिंकला."

"तुमचा फोन लागत नव्हता."

"नव्हता लागत. तरी जिंकला, विनय. तू नव्हतास तिथे, मी नव्हते, कुणीच नव्हतं. तो आपला तो जिंकला."

मग हळूच म्हणाला, "अच्छा."

खन्नाजींच्या गाडीतून दादा आणि वहिनी त्याला आणायला गेले. पायांना जखमा होत्या, दाढी वाढली होती. पण गुरुद्वारातल्या लोकांनी त्याला जेवू घातलं होतं, पायांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि एकही प्रश्न विचारला नव्हता. निघताना दादा तिथल्या वृद्ध सेवादाराच्या पाया पडायला वाकले, तर त्याने त्यांना उठवून मिठी मारली. हे मला खन्नाजींनी सांगितलं. दादांनी त्या दिवसाविषयी मला एवढंच सांगितलं, की गाडीत बसल्यावर विनयने विचारलं, "मग मी नव्हतं केलं काही?" आणि ते म्हणाले, "नाही रे राजा. तू काहीच नव्हतं केलंस."

नंतर विनयला काही आठवडे रुग्णालयात ठेवलं. नवं औषध सुरू झालं. ते जड होतं. दर आठवड्याला रक्त तपासावं लागे, दिवसातले बरेच तास तो झोपायचा, लाळ गळायची. पण आवाज मागे हटले. हळूहळू तो भाजी आणायला खाली जाऊ लागला, वहिनींबरोबर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागला. डॉक्टर खूश होते. आम्हीही.

त्या वर्षी पॅरिसची स्पर्धा आली तेव्हा दादांनी टीव्ही लावला. विनयने थोडा वेळ पाहिलं आणि उठून आत जाऊन झोपला. लंडनच्या वेळीही तेच. माझा फोन वाजेनासा झाला.

"आता त्याला टेनिस लागत नाही," दादा मला बसमध्ये म्हणाले. "चांगलंच आहे ना, ताई?"

"चांगलंच आहे, दादा."

"हो. चांगलंच आहे." खिडकीबाहेर बघत ते बसले. यमुनेचा पूल आला तेव्हा म्हणाले, "पण तेवढीच एक जागा होती आमची. दोघांची. आता माझ्याशी काय बोलावं, ते त्याला सुचत नाही. आणि मला तर त्याच्याआधीपासून सुचत नव्हतं."

निवृत्तीनंतरही ते एकटे बसून सामने बघायचे. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, "त्याच्यासाठी शिकलो खरा. पण आता मलाच सवय लागली." आवाज पूर्ण बंद ठेवायचे, आतल्या खोलीतला झोपलेला मुलगा उठू नये म्हणून.

पाचेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दादा गेले. दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. वहिनी आणि विनय आता नगरला दिरांच्या शेजारी राहतात. वहिनींचा नाताळात फोन येतो. विनय एका छापखान्यात अर्धा दिवस काम करतो, कागद मोजून बांधायचं. बरा आहे म्हणतात. म्हणजे जितका बरा राहता येईल तितका.

दादांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या अखेरच्या जानेवारीत. रविवार होता, मेलबर्नचा अंतिम सामना चालू होता. दादा खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी, पाय खाली उघडे. वहिनी बाजारात गेल्या होत्या. पाचवा सेट शेवटाला आला होता आणि आम्ही दोघं सवयीने गप्प बसलो होतो.

तेवढ्यात आतून विनय आला. झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. वडिलांकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "पप्पा, पाय किती गार पडलेत तुमचे."

आत जाऊन तो लोकरीचे मोजे घेऊन आला. जमिनीवर बसला. हाताला कंप होता, त्यामुळे मोजा अंगठ्यापाशी अडकत होता. तो पुन्हा काढायचा, पुन्हा चढवायचा. घाई नव्हती त्याला. एक पाय झाला, मग दुसरा मांडीवर घेतला.

दादा वाकून त्याच्या डोक्याकडे बघत होते. पडद्यावर कुणीतरी दोन्ही हात वर केले होते, माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आवाज बंदच होता. शेवटचा गुण कुणी घेतला, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.